बाबासाईंची खुर्ची

आमचे अण्णा काम करताना तोंडात चुका धरायचे. सोफ्याच्या लाकडी चौकटीवर रेक्झिन ठोकायच्या त्या बारीक काळ्या चुका. मूठभर एकदम तोंडात टाकायच्या, जिभेने एकेक ओठांपर्यंत आणायची, तिथून उचलून दोन ठोक्यांत बसवायची. त्यामुळे सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत घरातल्या पुरुषमाणसाचं बोलणं म्हणजे ‘हं’ आणि ‘उंहूं’ एवढंच. तरी त्या दोन आवाजांत ते सगळं सांगायचे. कात्री दे, चहा ठेव, गिऱ्हाईक आलंय, आत जा. मला सगळं कळायचं. आईला तर ते न बोलताही कळायचं.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसवलेल्या वस्तीत, कॅम्प चारमध्ये, आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक होता. पुढची खोली अण्णांची. तिथे शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले रेक्झिनचे गुंडाळे, कोपऱ्यात काथ्याचा ढीग, आणि या सगळ्यावर चिकटवायच्या सोल्युशनचा गोडसर, डोकं हलकं करणारा वास. मागची खोली आईची. तिथे स्टोव्ह, पितळी डबे, शेंगदाण्याच्या चटणीचा खल आणि भाकरीचा वास. मधे दार नव्हतं. उरलेल्या मरून रेक्झिनचा पडदा होता, जाड आणि जड. तो सरकला की फडफडत नसे, थापट मारल्यासारखा वाजे. आई त्या पडद्याच्या अलीकडे फारशी यायचीच नाही. गिऱ्हाइकांसाठी चहा झाला की पडद्याखालून ताटली सरकायची आणि मी ती उचलायची. अण्णा तिला नावाने हाक मारत नसत. ‘ऐकलं का’ म्हणायचे, नाहीतर माझं नाव घ्यायचे, “शैला, आत सांग.” तिचं नाव हौसा होतं हे शेजारच्या सिंधी मावशींना बारा वर्षं माहीत नव्हतं. त्या मला वाटीभर दाल आणि कुरकुरीत पकवान देताना म्हणायच्या, “तेरी मम्मी को दे, वो तो बाहर आती नहीं.”

आई माणदेशातली. दुष्काळी मुलखातून लग्न होऊन ती इथे आली, आणि बोलली की आजूबाजूचे हसतात हे कळल्यावर हळूहळू बोलायचीच थांबली. आज मी बदलापूरजवळ सोनिवलीला आठव्या मजल्यावर राहते. सुना आणि शेजारणी कुठल्याही विषयावर तास तास बोलतात, आणि मला ते ऐकायला आवडतं. पण कधीकधी वाटतं, एवढ्या वर्षांत आईच्या पोटात किती गोष्टी तशाच राहिल्या असतील. त्यातली एकच मी बाहेर येताना पाहिली. ती ही.

मी नववीत होते. गणपती होऊन गेले होते. कॅम्प एकमधून एक हातगाडी आमच्या दाराशी आली आणि मागोमाग रिक्षातून एक डॉक्टरीणबाई उतरल्या. हातगाडीवर एक खुर्ची होती. खुर्ची म्हणजे दोन माणसांच्या जागेत एकाने बसावं असं प्रकरण. गुबगुबीत पाठ, दोन्ही बाजूंना गोल वळलेले रुंद हात, खाली वाघाच्या पंजासारखे पाय. रंग चिंचोक्यासारखा. पावसाळ्यात तिच्यावर हिरवट पांढरी बुरशी चढली होती. बाई म्हणाल्या, “मेरे बाबासाईं की है. अंबरनाथच्या फॅक्टरीत ते हेडक्लार्क होते, त्यांचा मोठा साहेब जाताना ही देऊन गेला. तीस साल से वो इसी में बैठते हैं.” बाबासाईंची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, नजर काचबिंदूने पूर्ण गेली होती. ते थोरल्या मुलाकडे इंदूरला गेले होते आणि दिवाळीला परत येणार होते. “घरात त्यांना दुसरं काही सापडत नाही,” बाई म्हणाल्या. “कुठे बसवलं तरी विचारतात, मैं कहाँ हूँ? ह्या खुर्चीत बसले की नाही विचारत. साफ करके दे दो, बस. कुछ बदलना मत.”

अण्णांनी चुका हातावर काढल्या आणि म्हणाले, “मॅडम, टेन्शनच नको. वीस वर्षं हेच करतोय.”

खरं म्हणजे ते वीस वर्षं रेक्झिनचं काम करत होते. चामडं त्यांनी कधी हातात घेतलं नव्हतं. त्याला कारण होतं. या धंद्यात ते आले तेव्हा गावच्या भावकीने टोमणा मारला होता, “शेती सोडून कातडं शिवायला लागला.” तो टोमणा त्यांना वर्षानुवर्षं टोचत राहिला. कुणी विचारलंच तर ते आवर्जून सांगायचे, “रेक्झिन म्हणजे कापडच असतं, वरून फक्त लेप.” कुणी चामड्याचं काही आणलं तर परत पाठवायचे. ही खुर्ची का ठेवून घेतली, मला माहीत नाही. बहुतेक बाईंच्या बोलण्यामुळे. किंवा बुरशीखाली चामडं आहे हे त्यांना नीट उमगलंच नसेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती रेक्झिनसारखीच धुतली. बादलीत धुण्याचा सोडा, त्यात साबण, हातात काथ्याचा ब्रश. बुरशी गेली. पाणी चहासारखं तपकिरी निघालं, तेव्हा अण्णा खूश होऊन म्हणाले, “बघ किती मळ होता.” मग खुर्ची दारापुढे सप्टेंबरच्या कडक उन्हात दोन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अण्णा खुर्चीपुढे उकिडवे बसले होते. तोंडात चुका नव्हत्या. खुर्ची पांढुरकी पडली होती, राख फासल्यासारखी. बैठक दाबली की पापडासारखी कडकड वाजत होती. उजव्या हाताच्या वळणावर बोटभर लांब चीर पडली होती.

अण्णांनी पॉलिश लावून पाहिलं. चमक आली, पण कडकपणा तसाच. मग ते गोल बाजारात जाऊन त्याच रंगाचं रेक्झिन शोधून आले. गुंडाळा उलगडून खुर्चीवर टाकला, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. रंग हुबेहूब जुळत होता. “असंच चढवून देतो,” ते स्वतःशीच म्हणाले, “कुणाला कळणार?” आणि लगेच त्यांचे हात थांबले. मी समोर होते, त्यांचा चेहरा मला दिसला. डोळस माणसाला एक वेळ फसवता आलं असतं. हा माणूस तर हातानेच बघणार होता.

तेवढ्यात पडदा थापट मारल्यासारखा वाजला. आई पुढच्या खोलीत आली होती. डोक्यावरचा पदर सावरत ती सरळ खुर्चीपाशी गेली, खाली वाकली आणि तिने त्या कडक बैठकीला नाक लावलं. मग अंगठ्याने पाठ दाबली, हात दाबले, खालची कड चाचपली. डॉक्टर पेशंटला तपासतो तशी. आणि म्हणाली, “सोडा लावला व्हय? आन् वर उन्हात ठिवलं?”

अण्णा नुसतं ‘हं’ म्हणाले.

“म्हशीचं हाय,” आई म्हणाली. “ही बैठक पाठीच्या कातड्याची. घट हाय, वाचंल. ह्ये हात हाईत नव्हं, ह्ये प्वाटाचं. प्वाटाचं कातडं सैल असतंय, पयलं त्येच तडकतंय.” तिने पाठीवरच्या बारीक खड्ड्यांच्या एका ओळीवर बोट ठेवलं. “गोचडी चावल्याल्या दिसत्यात. रानातली म्हस हुती.”

मी आणि अण्णा तिच्याकडे बघत राहिलो. बारा वर्षं जी बाई पडद्याखालून ताटल्या सरकवत होती, ती एका खुर्चीत म्हैस बघत होती. कुठलं पोट, कुठली पाठ, ती कुठे चरत होती. 

“तुला काय ठाऊक?” अण्णांनी विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं, उभ्याउभ्या, एका दमात. तिच्या माहेरी विहिरीवर मोट होती. मोट म्हणजे चामड्याची भलीमोठी पिशवी. बैलांनी ओढायची, विहिरीतून पाणी भरून वर यायचं, पाटात सांडायचं. इंजिनं यायच्या आधी सगळं शिवार त्यावरच भिजायचं. मोट फुटली तर पीक गेलं. तिच्या गावात सखातात्या नावाचे म्हातारे होते, कातडं कमावून मोटा शिवायचे. त्यांचं घर गावाबाहेर ओढ्यापलीकडे. आई सात-आठ वर्षांची असल्यापासून तिथे जाऊन बसायची. सालीचा काढा कसा करायचा, तेल कधी द्यायचं, कातडं कसं मळायचं, सगळं बघायची. मग तात्या तिला करायलाही द्यायला लागले. “घरी आली की माजी आज्जी मला उंबऱ्याभायेर उभी करून अंगावर पाणी शिपडायची,” आई म्हणाली. “म्या रोज भिजायची आन् रोज जायची. पाणी शिपडून शिकल्यालं पुसतंय व्हय?”

अण्णांनी रेक्झिन परत गुंडाळलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “आपल्याला ते काम नको. लोक काय म्हणतील?”

“लोक आपल्या घरला कवा आल्याती?” आई म्हणाली. “तो म्हातारा मातूर येणार हाय दिवाळीला.”

दुसऱ्या दिवशी तिने मला काष्ठौषधीच्या दुकानात पाठवलं, बाभळीची साल आणायला. ती साल तिने मोठ्या पातेल्यात उकळली. घरभर तुरट, ओल्या लाकडासारखा वास पसरला, सोल्युशनचा वास त्यात पार बुडून गेला. काढा गार केला, गाळला, पाण्याने पातळ केला. पण त्याआधी खुर्ची उकलायची होती. आणि हे तिला येत नव्हतं. ती अण्णांना म्हणाली, “कातडं सोडवून द्या. फाडू नका.” अण्णा क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी चिमटा घेतला आणि एकेक जुनी चूक उपटायला सुरुवात केली. त्या खुर्चीला किती चुका होत्या देव जाणे, पण त्यांनी एकही तुकडा फाटू दिला नाही. संध्याकाळपर्यंत बैठक, पाठ आणि दोन्ही हातांचं चामडं सुटं होऊन चटईवर पसरलं. तेव्हा खरोखर ते एक जनावर निजल्यासारखं दिसलं.

त्या रात्री मात्र त्यांनी आईच्या हातची भाकरी नाकारली. “ह्याच हातांनी?” एवढंच म्हणाले. आई म्हणाली, “धुतल्यावर हात हातच ऱ्हातो,” आणि आपली भाकरी मोडून खायला लागली. अण्णा उठून गेले, कोपऱ्यावरचा वडापाव खाऊन आले. दुसऱ्या दिवशीही तेच. मला आईचा राग आला, अण्णांचाही आला. खरं तर मला भीती वाटत होती, की हे असंच राहिलं तर काय होणार. आई शांत होती. तिने काढ्यात फडकं बुडवून, पिळून, चामड्यावरून फिरवलं, सोड्याचा जोर उतरवायला. पुन्हा पिळलं, पुन्हा फिरवलं. राखेचा रंग हळूहळू मागे सरला आणि खालून चिंचोका वर यायला लागला. घासायचं नाही, हे तिने मला बजावलं. “आजारी माणसाचं आंग पुसतीस तसं पूस.” मग ते पंख्याचं वारंसुद्धा लागू न देता सावलीत सुकवायचं. पुरतं सुकू द्यायचं नाही, हाताला गार लागतंय तोवरच तेल द्यायचं.

मोटेला करंजाचं तेल लावत, पण त्याचा उग्र वास बाबासाईंना नको, म्हणून तिने एरंडेल घेतलं. वाटीत कोमट केलं, त्यात मेणाचा खडा विरघळवला. तळहातावर थेंबभर घ्यायचं, दोन्ही तळवे चोळायचे आणि मग हात चामड्यावर ठेवायचा. घाई केली तर तेल वरच राहून चिकट होतं, म्हणून एका वेळी एकच हात, पातळ. पाठीला दिवसातून एकदा, पोटाच्या कातड्याला दोनदा. तेल दिलं की ती तुकडा मांडीवर घेऊन मळायची. कणकेसारखी नव्हे. अंगठे आत, बोटं बाहेर, कडेपासून मधे, पुन्हा कडेला. सुरुवातीला ते कडकड वाजायचं. चौथ्या दिवशी कुरकुर झाली. सहाव्या दिवशी मी शाळेतून आले तर खोलीत काही आवाजच नव्हता. आई मळत होती आणि चामडं तिच्या हातात पाण्यासारखं वळत होतं. तिने एक टोक माझ्या हातात दिलं. ते कोमट होतं. मेलेली वस्तू इतकी जिवंत लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी दचकून हात मागे घेतला, तशी आई हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

अण्णा मशीनवरून हे पाहत होते. ते उठले, खाली बसले, त्यांनीही तो तुकडा हातात घेतला. दोन-तीनदा वळवला, गालाला लावला. मग मागच्या खोलीत गेले आणि ताट वाढून घेतलं. आदल्या दिवशीची शिळी भाकरी होती, झुणका होता. आम्हाला पडद्याआडून फक्त त्यांच्या खाण्याचा आवाज आला. आईने पुढचा तुकडा मांडीवर घेतला.

हल्ली माझ्या मुलाच्या घरी चामड्याचा एक मोठा सोफा आहे. त्याच्यासाठी बाटल्या मिळतात, एक पुसायची, एक मऊ करायची, वर फवारायची तिसरी. चांगल्या असतात, मी नावं ठेवत नाही. पण मी त्यातलं थोडं हातावर घेऊन चोळते, तेव्हा सुनेला वाटतं सासूबाईंना सवय आहे फुकट श्रमाची.

एक गोष्ट आईला जमली नाही. उजव्या हातावरची चीर. ती म्हणाली, “फाटल्यालं सांधत न्हाई. मऊ हुईल, पण हाताला लागंल.” अण्णांनी आतून पातळ पट्टी लावली, चीर मिटवून बसवली, आई वरून मेण घासत राहिली. डोळ्यांना ती दिसेनाशी झाली. चामडं चौकटीवर चढवताना मात्र अण्णांनी त्यांचं खरं कसब दाखवलं. तीच जुनी भोकं, तेच जुने चुण्यांचे मोड, इकडचा दोरा तिकडे नाही. आठवडाभर त्यांच्या तोंडात चुका होत्या, पण मला वाटतं, नसत्या तरी ते बोलले नसते.

वसुबारसेच्या दिवशी आम्ही तिघं हातगाडीबरोबर कॅम्प एकला गेलो. आई आली, कारण अण्णाच म्हणाले, “चला, काही विचारलं तर.” डॉक्टरीणबाईंचं घर दवाखान्याच्या वर होतं. वेलदोड्याच्या चहाचा आणि तळणाचा वास येत होता. बाबासाईं आधीच आले होते. उंच, सुकलेले, पांढरा सदरा-पायजमा, एका कडेच्या पलंगावर अवघडून बसलेले. बाईंनी खुर्ची पाहिली आणि टाळी वाजवली. “अरे वा! बिलकुल नयी जैसी!” हे ऐकून बाबासाईंचा चेहरा उतरला. मला ते स्पष्ट दिसलं. ते म्हणाले, “नयी? नयी क्यों की?”

बाईंनी त्यांना धरून आणून बसवलं. ते आधी टेकले नाहीत, नुसते काठावर बसले. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि हळूहळू मागे फिरवत नेले. पाठीवरच्या खड्ड्यांच्या ओळीला बोटं लागली, तिथे थांबली, तिच्यावरून पुन्हा एकदा गेली. त्यांचे खांदे सैल झाले. ते मागे टेकले. आणि मग उजवा हात परत पुढे आला, वळणापाशी थबकला. बोट त्या न दिसणाऱ्या चिरेवर होतं.

बाई वाकून खुर्चीकडे बघायला लागल्या. त्यांना कळेना काय झालं. अण्णांना गप्प बसता आलं असतं. बाई म्हणाल्या असत्या, जुनी खुर्ची, होतंच. अण्णा एक पाऊल पुढे आले. “साईं,” ते म्हणाले, “वो मेरी गलती है. रेक्झिन समजून सोड्याने धुतली, उन्हात ठेवली. पूरी खराब कर दी थी मैंने. बाकी सगळं हिने वाचवलं. ती चीर तेवढी राहिली.”

अण्णांनी चूक कबूल केलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बाबासाईं थोडा वेळ चिरेवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, “किसने?”

“मेरी मिसेस ने.”

“इधर आओ, पुट.” ‘पुट’ म्हणजे लेकरू. आई पदर तोंडाशी धरून पुढे झाली. ते म्हणाले, “दस-बारा साल से ये कुर्सी सूख रही थी. मेरे हाथ को मालूम था. किसी को बोला नहीं, कुर्सी के लिए कौन सुनता है? तूने क्या किया इसको?”

आईला हिंदी येत नव्हती म्हटलं तरी चालेल. तिने माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि मग तिच्या माणदेशी बोलीतच सांगून टाकलं. “त्याल दिलं, बाबा. भुक्याजल्यालं हुतं ते.”

बाबासाईंना शब्द कळले की नाही कोण जाणे. पण ते मोठ्याने हसले, डोळ्यांच्या कडा पुसल्या, आणि मुलीला म्हणाले, “इनको बिठाओ, खाना खिलाओ.” आईला त्यांनी शेजारच्या खुर्चीत बसायला लावलं. ती चार माणसांत खुर्चीवर बसली. अण्णा उभेच होते. तिने समोरच्या ताटलीतली मिठाईची वडी उचलली आणि शेवटपर्यंत खाल्ली.

दिवाळीनंतर पंधराएक दिवसांनी एक वकील आमच्या दाराशी आले. बाईंकडून पत्ता घेऊन. त्यांच्या ऑफिसातला चामड्याचा जुना कोच होता, पाठीवर डाग पडलेला. अण्णा खाली बसून एका स्कूटरची सीट ठोकत होते. पूर्वीसारखंच ते मान हलवून नाही म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी तोंडातल्या चुका हातावर काढल्या. उठून उभे राहिले. मरून पडद्याकडे बघून म्हणाले, “हौसा, जरा बाहेर ये.” आणि मग वकिलांकडे वळून, अगदी साध्या आवाजात, “बसा साहेब. रेक्झिनचं असेल तर मी सांगतो. चामड्याचं त्या सांगतील.”

त्या. अण्णा आईला ‘त्या’ म्हणाले होते.

आई पदराला हात पुसत बाहेर आली, आणि वकील अदबीने उठून उभे राहिले.